तांबड्या टू-सीटरची दुरुस्ती

९ नोव्हेंबर २०२५, रविवार
खंबाटकी घाट, दुपारी १२.२०

गाडी घेतली. लिहायला निवांत वेळ मिळाला आहे, कारण गाडी सध्या विश्रांती घेते आहे.

जपानी बनावटीची. तांबडी. दोन सीट, वरचं कापडी छत मागे दुमडतं. १९९८ चं मॉडेल. खंडाळ्याच्या एका रिटायर्ड डॉक्टरांकडून घेतली. मी निघताना त्यांनी बजावलं, ही तापते, घाट चढवू नका, टेम्पोतून न्या. मी त्यांना सांगितलं की बावीस वर्षं आर्मीच्या वर्कशॉपमध्ये काढलीत, गाडीची नाडी मला कळते. डॉक्टरांनी चावी दिली.

तिसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफ. काटा पार शेवटाला.

ही माझी चूक नाही. घाटाचा चढ जास्त आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार
सांगली

गाडी टेम्पोतून आणली. घरी सांगितलं, टायर झिजू नयेत म्हणून.

बायकोनं, मायानं, गाडीभोवती एक फेरी मारली. अंकिता आली की मी कुठं बसायचं, एवढंच विचारलं. मुलगी शिरवळच्या कारखान्यात मेन्टेनन्सला आहे, महिन्यातून एकदा येते. त्या एका दिवसासाठी दोन सीटच्या गाडीला नावं ठेवण्यात अर्थ नाही, असं मी म्हणणार होतो. माया आत गेली होती.

संकल्प:
रोज सकाळी सहा ते नऊ गाडीचं काम. स्वतः.
कुठल्याही मिस्त्रीला हात लावू द्यायचा नाही.
सोळा डिसेंबरला विजय दिवसाची माजी सैनिकांची रॅली. आमच्या संघटनेचे अध्यक्ष लालासाहेब यांना उघड्या गाडीतून मिरवायचं. संघटनेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहीर करून टाकलं. चौतीस अंगठे आले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज साडेनऊला उठलो. गारठा होता.

बॉनेट उघडायला पाऊण तास. त्याची कडी ड्रायव्हरच्या पायाशी असते, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर व्हिडिओ बघत बघत रेडिएटरच्या आजूबाजूचं सगळं सोडवलं. प्रत्येक पार्ट पाकिटात घातला, पाकिटावर नंबर टाकला, रजिस्टरमध्ये नोंद केली. एकूण एकतीस पाकिटं. रजिस्टर अप्रतिम झालं आहे. दाखवण्यासारखं.

परत जोडायचं कसं ते व्हिडिओत पुढच्या भागात आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

पुढचा भाग अजून आलेला नाही.

अंकिताचा फोन. मी लक्षणं सांगितली. ती लगेच म्हणाली थर्मोस्टॅट अडकला असेल नाहीतर पाण्याचा होस फाटला असेल, कोंडीबामामांना बोलवा. मीही त्याच निष्कर्षाकडे चाललो होतो.

कोंडीबा म्हणजे आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचा मिस्त्री. मूळचा जतकडचा. बाप मेंढरं घेऊन हिंडायचा, हा सांगलीत येऊन गाड्यांखाली शिरला. पत्र्याचं शेड, बाहेर लिंबाचं झाड. अंकितानं डिप्लोमाच्या दोन्ही सुट्ट्या त्या शेडमध्ये काढल्या. पाहुण्यांना आम्ही तेव्हा ‘कंपनीत ट्रेनिंग’ असं सांगायचो.

मला काही कोंडीबाची गरज नाही. पण मुलीचं मन मोडवत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कोंडीबा आला. एकतीस पाकिटं बघून म्हणाला, “साहेब, असलं काम मी कवा बघितलं न्हाई.” रजिस्टर त्यानं कौतुकानं चाळलं. मग ते बाजूला ठेवून अडीच तासांत सगळं जोडलं. होस फाटलाच होता. थर्मोस्टॅटही अडकला होता. त्यासाठी दोन चकरा मारून सामान आणलं.

चार वाजता गाडी सुरू झाली. आवाज असा की समोरच्या घरातले लोक गच्चीत आले. कोंडीबानं बॉनेटवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच उभा राहिला, जनावर शांत करावं तसा.

जाताना सांगून गेला, बॅटरी मरायला आली आहे, शनिवारी नवी घेऊन येतो, तवर दुसऱ्या कुठल्या बॅटरीवर सुरू करायला जाऊ नका. हे तो मला सांगतोय. बावीस वर्षं.

खरं तर मी स्टोअरला होतो. पण स्टोअर वर्कशॉपच्या आवारातच होतं, त्यामुळे हे खोटं धरता येत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
संध्याकाळी ७

गाडी बंद पडली आहे. कारण अज्ञात.

लालासाहेब पाच वाजता बघायला येणार होते. चार वाजता चावी फिरवली, नुसती टक टक. भाऊ उसाच्या कामाला ट्रॅक्टर घेऊन आला होता, ट्रॅक्टर दारात उभा होता. त्याच्या बॅटरीवरून दोन केबल जोडल्या. एक ठिणगी पडली. वास आला. मग टक टक पण बंद.

लालासाहेब आले. सुभेदार होऊन रिटायर झालेला माणूस, चेहऱ्यावरच ‘रिपोर्ट दे’ असं लिहिलेलं. काय झालं म्हणाले. मी म्हणालो, परवा कोंडीबानं आत हात घातला होता.

एवढंच म्हणालो. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं, म्हणजे त्यानं वायरिंग जाळलं म्हण की. मी नाही म्हणालो नाही. हो सुद्धा म्हणालो नाही. हे इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

लालासाहेबांचा फोन. बाकीच्यांची फसवणूक होऊ नये म्हणून ग्रुपवर सावधगिरीची सूचना टाक म्हणाले. आदेश म्हटल्यावर इलाज नव्हता.

टाकली. कोंडीबाचं नाव मुद्दाम घातलं नाही. कुणाची बदनामी करणं आपल्या स्वभावात नाही. ‘आमच्या कोपऱ्यावरच्या, लिंबाखालच्या, जतकडच्या मिस्त्रीपासून सावध’ एवढंच लिहिलं.

एकेचाळीस अंगठे. रॅलीच्या घोषणेपेक्षा सात जास्त.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी दहाला कोंडीबा नवी बॅटरी घेऊन आला. मला वाटलं भांडायला येईल. मी उत्तरं तयार ठेवली होती, तीन मुद्दे.

तो भांडला नाही. ग्रुपवरचं त्याला कुणीतरी वाचून दाखवलं होतं. मान खाली घालून म्हणाला, होस बसवताना एखादी वायर दाबली गेली असंल माझ्याकडनं, ध्येनात आलं नसंल. मी बघतो. मजुरीचं नाव काढू नका.

तीन मुद्द्यांपैकी एकही कामाला आला नाही.

संध्याकाळपर्यंत तो गाडीखाली होता. एकेक वायर बोटानं चाचपत. मी दोनदा चहा नेला. एकदा त्यानं आतूनच विचारलं, साहेब, त्या दिवशी मी गेल्यावर गाडी कुणी सुरू केलती का? मी म्हणालो, साखर कमी आहे का बघा.

२३ नोव्हेंबर, रविवार

कोंडीबा आजही आला. रविवार असून. त्याचे डोळे तांबडे होते. रात्रभर आठवत पडलो होतो म्हणाला, कुठं हात गेला, कुठला नट कवा सोडला. तीस वर्षांत असं कुणाचं केलं न्हाई. हे तो मला नाही, स्वतःलाच सांगत होता.

मायानं त्याला जेवायला बोलावलं. काम होऊ दे म्हणाला. जेवला नाही.

लालासाहेबांच्या चार स्कूल व्हॅन कोंडीबाकडे असायच्या. त्यांनी त्या काढून दुसऱ्या गॅरेजला लावल्या, अशी बातमी आहे. हा त्यांचा व्यवसायाचा निर्णय आहे. माझा त्याच्याशी संबंध जोडता येणार नाही.

मला दुपारी झोप लागली नाही. बहुतेक जेवण जड झालं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज शांतपणे बसून आठवून बघितलं.

टर्मिनलवर पांढरी पावडर साचली होती. प्लस कुठलं, मायनस कुठलं दिसत नव्हतं. मी काळी केबल मायनसलाच लावली असावी.

असावी.

नाही. तांबडी मायनसला लावली आणि काळी प्लसला. ठिणगी पडली तेव्हाच कळलं होतं. घाईघाईनं काढून सरळ केल्या, केबल गुंडाळून ट्रॅक्टरच्या सीटखाली टाकल्या, आणि हात धुतले. साबणानं. दोनदा.

ही डायरी कुणी वाचत नाही, म्हणून लिहिलं.

संकल्प: उद्या कोंडीबाला सांगायचं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कोंडीबा आला नाही. मग कसं सांगणार?

(शेड दीडशे पावलांवर आहे. पण निरोप पाठवून माणसाला घरी बोलावून सांगणं जास्त सन्मानाचं असतं.)

निरोप पाठवला नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दूध आणायला मागच्या गल्लीतून गेलो. लांब पडतं, पण चालणं तब्येतीला चांगलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज घडलं ते लिहायचं नव्हतं.

अंकिता सकाळी शिरवळहून आली. कोंडीबाही आला होता. त्याला दोष सापडला होता: मेन फ्यूज उडालेला आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर जळालेला. त्यानं तो काढून फडक्यावर ठेवला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, मिरजेला नेऊन त्याचं वाइंडिंग भरून आणतो, गाडी होईल.

म्हणजे त्याला कळलं होतं. असा फ्यूज दाबलेल्या वायरीनं उडत नाही.

अंकिता वाकली. बॅग अजून खांद्यावरच होती. फ्यूज बघितला, टर्मिनलवरचा ठिणगीचा काळा डाग बघितला. मिनिटही लागलं नाही.

“पप्पा, केबल उलट्या कुणी लावल्या?”

माया दारात उभी होती. कोंडीबा हात पुसत होता. मी खरं सांगणार होतो. तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते असं: “बॅटरीला कोंडीबानंच हात लावला होता.”

कोंडीबानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग हातातलं फडकं घडी करून खिशात घातलं.

“व्हय ताई,” तो म्हणाला. “माझ्याच हातनं झालं.”

“मामा, तुमच्या हातनं?”

“वय झालं आता. दिसत न्हाई नीट.”

 ज्या माणसानं तिला प्लस-मायनस शिकवलं, तो तिच्यासमोर उभा राहून सांगत होता की त्याला प्लस-मायनस कळलं नाही.

मी तेव्हाच बोलणार होतो. पण मायानं पोहे आणले.

३० नोव्हेंबर, रविवार

अंकिता दुपारच्या गाडीनं परत गेली. स्टँडवर सोडतो म्हणालो, स्कूटर काढली. ती रिक्षानं गेली.

जाताना कोपऱ्यावर रिक्षा थांबवून शेडमध्ये गेली. दहा मिनिटं आत होती. मी गच्चीतून बघितलं. वाळवण बघायला गेलो होतो.

४ डिसेंबर, गुरुवार

न सांगण्याची कारणं (निःपक्षपातीपणे):

एक, कोंडीबानं स्वतः कबूल केलं आहे. आता मी उलटं बोललो तर तो खोटा पडेल.
दोन, रॅली बारा दिवसांवर. आत्ता गोंधळ नको. रॅलीनंतर सांगायचं, सविस्तर, सगळ्यांसमोर.
तीन

तिसरं सुचत नाही.

७ डिसेंबर, रविवार

अल्टरनेटर बसला. गाडी पहिल्या चावीत सुरू. कोंडीबानं आवाज ऐकला, एक नट अर्धा आटा घट्ट केला आणि हत्यारं गोळा केली. पैसे पुढं केले, त्यानं घेतले नाहीत. खिशात कोंबायला गेलो तर हात धरला. म्हणाला, ऱ्हाऊ द्या, ताईंच्या घरचं काम हाय.

माझ्या घरचं म्हणाला नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार. विजय दिवस

सकाळी दहाला रॅली. छत मागे, लालासाहेब शेजारी, छातीवर पदकं. आज गाडी थोडी जड चालत होती. अध्यक्षांच्या वजनामुळे असं मी धरलं.

आमच्या कोपऱ्यावर लोक उभे होते. लिंबाखाली कोंडीबा. गाडी जवळ येताच त्यानं हात वर केला. सलाम करतोय असं वाटून मीही हात वर केला. मग तो धावत शेजारी आला, चार-पाच पावलं गाडीबरोबर पळाला. “साहेब, हँडब्रेक,” एवढंच म्हणाला, तेही हळू, लालासाहेबांना ऐकू जाऊ नये इतकं.

हँडब्रेक वर होता. घरापासून. मी खाली केला.

लालासाहेब मागे वळून बघत म्हणाले, बघ गड्या, आता माफी मागायला पळतंय. मी समोर बघत राहिलो. रस्त्यावर गर्दी होती, नजर हटवणं धोक्याचं होतं.

हॉलमध्ये भाषणं. मिस्त्रीनं जाळून ठेवलेली परदेशी गाडी आपल्या हवालदार धैर्यशीलनं स्वतःच्या हातानं उभी केली, आर्मीचं ट्रेनिंग ते हे, असं लालासाहेब माईकवर म्हणाले. मला पुढं बोलावलं. शाल आणि नारळ.

सगळ्यांसमोर सविस्तर सांगायचं ठरलं होतं. माईक हातात होता. समोर दीडशे माणसं. मी म्हणालो, “हे सगळ्यांच्या शुभेच्छांमुळे झालं.”

टाळ्या बराच वेळ चालल्या. मी मोजत होतो, कधी थांबतील म्हणून.

१७ डिसेंबर, बुधवार

मायानं नारळ फोडला नाही. शालीला हात लावला नाही. दोन्ही टेबलावर तशीच आहेत. भाजी चिरता चिरता सहज म्हणाली, त्या दिवशी केबल लावताना तुम्ही दिसत होता खिडकीतून. मला वाटलं आज बोलाल, उद्या बोलाल.

मी विचारलं, मग तू का बोलली नाहीस.

ती म्हणाली, “तुमची लाज काढायची मी? तुमची तुम्ही काढा की.”

१८ डिसेंबर, गुरुवार
सकाळी ८.१०

अंकिताला फोन केला. ती शिफ्टला निघाली होती. आधी शिरवळच्या थंडीची चौकशी केली. मग सांगितलं. केबल मी लावल्या. उलट्या. कोंडीबानं नाही.

पलीकडून रस्त्यावरच्या ट्रकचे आवाज येत होते.

“मला त्याच दिवशी माहीत होतं, पप्पा,” ती म्हणाली. “मी शेडमध्ये गेले तर मामांनी हात जोडले. म्हणाले, बापाला लेकीनं विचारायचं नसतं, ते आपणहून सांगतील. म्हणून मी रोज फोन उचलताना वाट बघत होते.”

मी म्हणालो, आता सांगितलं ना.

हो, ती म्हणाली, सांगितलंत. शिफ्टची वेळ झाली म्हणून ठेवला. आवाजात राग नव्हता. थकवा होता. एकोणीस दिवसांचा.

२० डिसेंबर, शनिवार

ग्रुपवर लिहिलं. चार मसुदे झाले. पहिल्यात ‘तांत्रिक गैरसमज’ होतं. दुसऱ्यात ‘अनवधानानं’. तिसऱ्यात ‘आमच्याकडून’. चौथा असा: ‘माझी गाडी मी जाळली. केबल उलट्या लावल्या. दोष कोंडीबा मिस्त्रींवर ढकलला. दुरुस्तीही त्यांनीच केली. शाल मी घ्यायला नको होती.’

यावेळी नाव घातलं.

एक मिनिटात कुणीतरी गुलाबाच्या फुलाचं सुप्रभात टाकलं. मग वाढदिवसाचा केक. माझं लिहिलेलं वर सरकत सरकत दिसेनासं झालं. सहा अंगठे आले. त्यातले दोन केकला असावेत.

लालासाहेबांचा फोन. असलं कशाला लिहितोस रं, संघटनेची शोभा होते, काढून टाक. नाही काढणार म्हणालो. व्हॅन परत कोंडीबाकडे द्या अशी विनंती केली. ते म्हणाले, तिकडं वर्षाचं ठरलंय, आता शब्द फिरवता येत न्हाई.

शब्दाचे पक्के आहेत.

२१ डिसेंबर, रविवार
सकाळी ११.३०

शेडकडे गेलो. समोरच्या रस्त्यानं. चालत. गाडी नेण्याचा विचार आला होता, पण ते बरं दिसलं नसतं.

चार व्हॅन उभ्या असायच्या ती जागा मोकळी होती. लिंबाचा पाला पडला होता, तो कुणी झाडला नव्हता. कोंडीबा एका जुन्या मोपेडसमोर उकिडवा बसला होता. त्यानं मला स्टूल दिलं. मी बसलो नाही. काय काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. अर्धंच आलं. केबल मी लावल्या, हे म्हणालो. तुमच्यावर घातलं, हे म्हणालो. लेकीसमोर घातलं, हे म्हणताना मोपेडकडे बघत होतो.

तो ऐकत होता. हातातला नट बोटांत फिरवत होता. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. नाहीतर तो उठून खांद्यावर हात ठेवेल, झालं गेलं विसरा म्हणेल, असंही एक चित्र मनात होतं. त्या चित्रात मी रडणार होतो आणि मग आम्ही चहा पिणार होतो.

“माझं गिऱ्हाईक गेलं त्याचं एक ऱ्हाऊ द्या, साहेब,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक येतंय, जातंय. पर तीन दिवस मला वाटलं, माझा हातच गेला. ते लय वाईट हुतं.”

मी तिथंच उभा राहिलो. तो मोपेडकडे वळला. जरा वेळानं, मी गेलो नाही हे बघून असेल, मागे न बघता हात पुढं केला.

“बारा नंबरचा पान्हा द्या तेवढा.”

मला एकदम हलकं वाटलं. काम सांगितलं म्हणजे जवळ घेतलं. मी हत्यारांच्या पेटीत हात घातला, पान्हा उचलला, त्याच्या तळव्यावर ठेवला. बावीस वर्षांत हजारो पान्हे इश्यू केले आहेत मी, नंबर वाचून, सही घेऊन.

त्यानं तो नटाला लावला. गोल फिरला. चौदाचा होता.

कोंडीबानं चौदाचा परत पेटीत ठेवला, गुडघ्यावर हात देऊन उठला, आणि बारा नंबरचा स्वतः काढून घेतला.